दमणाऱ्या नायकांच्या बाजूने

मारधाडपट पाहताना गेली काही वर्षे मी एकच गोष्ट शोधत असते, ती म्हणजे नायकाला दम लागतो का. तो किती जणांना लोळवतो, कोणत्या शस्त्राने लोळवतो आणि त्या वेळी मागे कोणते गाणे वाजते, याची मला आता फारशी उत्सुकता उरलेली नाही. पण विसाव्या माणसाला ठोसा लगावतानाही त्याचा हात पहिल्या ठोशाइतकाच ताजा असेल, तर माझे लक्ष पडद्यावरून उडते आणि मी घड्याळाकडे पाहू लागते. गुन्हेगारी मालिकांच्या बाबतीतही माझी कसोटी फार वेगळी नाही. तिथे तपास करणारा माणूस दमला पाहिजे, त्याला जागरण झालेले दिसले पाहिजे, आणि ज्या मृतदेहाभोवती सगळी कथा फिरते त्याचे वजन कुणाला तरी जाणवले पाहिजे.

हे खूळ माझ्या डोक्यात बसले ते 'जॉन विक : चॅप्टर ४' (२०२३) मधल्या पायऱ्यांच्या प्रसंगामुळे. पॅरिसमधल्या साक्रे-कर या चर्चकडे जाणाऱ्या २२२ पायऱ्या चढून नायकाला सूर्योदयापर्यंत वर पोहोचायचे आहे आणि प्रत्येक टप्प्यावर मारेकरी उभे आहेत. धडपडत, गोळ्या झाडत तो जवळजवळ वरपर्यंत जातो, तिथे त्याला एक लाथ बसते आणि तो गडगडत खाली येऊ लागतो. हे गडगडणे इतका वेळ चालते की प्रेक्षक आधी दचकतात, मग हसतात, आणि हसणे ओसरले तरी तो घरंगळतच असतो. एवढ्या मोठ्या चढाईवर एका क्षणात पाणी फिरवण्याचा हा निर्दयपणा मला विलक्षण आवडला, कारण त्यानंतर तो जेव्हा पुन्हा पायरीवर पाऊल ठेवतो, तेव्हा ती पायरी किती उंच आहे हे प्रेक्षकाला कळलेले असते. प्रत्यक्षात तो घरंगळणारा माणूस किआनू रीव्हज नव्हे, तर त्याच्या जागी उतरलेला फ्रेंच स्टंटमन व्हिन्सेंट बुइयों होता. दिग्दर्शक चाड स्टाहेल्स्की हा स्वतः 'द मॅट्रिक्स' (१९९९) मध्ये रीव्हजचा स्टंट डबल होता. अंगावर मार घेण्याचे काम ज्याने पोटापाण्यासाठी केले आहे, त्याला पडण्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

या चित्रपटात दोष नाहीत असे मात्र नाही. त्याची लांबी १६९ मिनिटे आहे आणि त्यातली तीसेक मिनिटे कुणीही बिनदिक्कत कापू शकला असता. शिवाय गोळी न लागणाऱ्या त्या सुटाचा मला मनापासून राग येतो. कोटाची बाजू चेहऱ्यासमोर धरली की गोळ्या अडतात, असे एकदा ठरवून टाकल्यावर बंदुकांना अर्थ उरत नाही, आणि मग लढाईत बंदुका केवळ ढकलाढकलीची साधने होऊन बसतात. तरीही एका पडक्या इमारतीत कॅमेरा छताच्या जागी जाऊन सरळ वरून खाली पाहू लागतो, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकतो आणि बंदुकीतून आगीचे लोळ निघताना दिसतात, तो प्रसंग मी किमान पाच वेळा पाहिला आहे. सगळा नकाशाच डोळ्यांसमोर असल्यामुळे कोणत्या भिंतीआड कोण दबा धरून बसला आहे हे नायकाच्या आधी आपल्याला कळते, आणि तरीही श्वास रोखला जातो.

मारामारीच्या प्रसंगांसाठी मी एक घरगुती परीक्षा तयार केली आहे. प्रसंग दुसऱ्यांदा पाहताना मी आवाज पूर्ण बंद करते. ठोशाचा धप्प आवाज, हाड मोडल्याचा कडकडाट आणि ढोलांचा दणदणाट काढून घेतल्यावर कोण कुठे उभा आहे, कुणाचा फटका कुणाला बसला आणि त्यामुळे पुढे काय बदलले, हे जर डोळ्यांना समजत असेल तर तो प्रसंग उत्तीर्ण. साधारण २००४ नंतरच्या दशकात हलत्या हातातला कॅमेरा आणि क्षणाक्षणाला कट यांची जी साथ पसरली होती, तिच्यातले बरेच प्रसंग या परीक्षेत सपशेल नापास होतात. हात उचलला की कट, हात खाली आला की कट, आणि तिसऱ्या तुकड्यात कुणीतरी जमिनीवर पडलेला. या पद्धतीचे मूळ 'बॉर्न' मालिकेत सांगितले जाते, पण त्या चित्रपटांत निदान हा गोंधळ नायकाच्या डोक्यातल्या गोंधळाशी जुळत होता. ज्यांनी नंतर त्याची नक्कल केली, त्यांना बहुधा नटाला लढता येत नाही एवढेच लपवायचे होते.

आपल्याकडच्या अलीकडच्या चित्रपटांत या परीक्षेला सर्वांत ताठ मानेने सामोरा गेला तो निखिल नागेश भट यांचा 'किल' (२०२४). धावती राजधानी एक्सप्रेस, तिच्यात चढलेली दरोडेखोरांची टोळी आणि प्रवाशांत असलेला एक कमांडो, एवढाच ऐवज. रेल्वेच्या डब्यात हात फिरवायला जागा नसते, उडी मारायला उंची नसते, पळायला एकच बोळ असतो, आणि या अडचणींमधूनच प्रत्येक झटापटीची रचना सुचत गेली आहे असे पाहताना जाणवते. बर्थच्या साखळ्या, पडदे, शौचालयाचे दार, जे हाताला लागेल ते शस्त्र होते. चित्रपटाचे नाव पडद्यावर येते ते जवळजवळ निम्मा चित्रपट संपल्यावर, आणि ते येईपर्यंत नायक माणसे आडवी करतो, मारत नाही. नाव आल्यानंतर मात्र तो मारतो. इतक्या साध्या युक्तीने चित्रपटाचे दोन तुकडे पाडलेले मी फार क्वचित पाहिले आहेत.

पण माझ्या दृष्टीने 'किल'चे खरे वेगळेपण दरोडेखोरांमध्ये आहे. ही टोळी म्हणजे एक नातेवाइकांचे कुटुंब आहे: कुणी काका, कुणी पुतण्या, कुणी भाऊ. त्यामुळे त्यांच्यातला एक जण पडला की पुढचे पाच जण मुकाट्याने रांगेत येऊन मार खात नाहीत. ते थांबतात, आपल्या माणसाला हाका मारतात, रडतात. मारधाडपटाच्या इतिहासात ज्यांना नाव नसते, ज्यांना केवळ पडण्यासाठी उभे केलेले असते, त्यांच्यासाठी रडणारे कुणीतरी आहे हे पाहताना मला फार अवघडल्यासारखे झाले. उत्तरार्धात नायकाच्या बाजूने टाळ्या वाजवाव्यात की नाही हेच कळेनासे होते. राघव जुयालचा फणी हा खलनायक खरे तर मध्येच वैतागलेल्या माणसासारखा वागतो आणि तेच जास्त भीतिदायक वाटते. उत्तरार्धाच्या उत्तरार्धात हिंसा थोडी यांत्रिक होते, हे मान्य.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे ज्याला हल्ली 'एलेव्हेशन' म्हणतात तो प्रकार. आधी नायकाचे बूट दिसणार, मग पाठ, मग धूर, मग संथ गतीत वळणारी मान, आणि या सगळ्यावर कानठळ्या बसवणारे पार्श्वसंगीत. एकदा पाहायला मजा येते, दर वीस मिनिटांनी नव्हे. २०१ मिनिटांच्या 'ॲनिमल' (२०२३) मध्ये मध्यंतराच्या आसपास हॉटेलात जो संहार चालतो, त्यात अजय-अतुल यांचे 'डॉल्बीवाल्या' अचानक वाजू लागते तेव्हा मराठी प्रेक्षक म्हणून माझेही पाय थिरकले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र आवाज बंद करून तोच प्रसंग पाहिला आणि उरले ते केवळ एका अवाढव्य मशीनगनच्या तोंडासमोर कोसळणारे असंख्य अनोळखी देह. गाणे चित्रपटाचे नव्हते आणि जोर गाण्याचाच होता.

मग 'आरआरआर' (२०२२) मला का आवडतो, असा प्रश्न मला एका स्नेह्याने विचारला होता, कारण त्यातही मोटारसायकल उचलून फेकली जाते. उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. राजामौलींच्या त्या चित्रपटात सुरुवातीला रामराजू हा पोलीस अधिकारी कुंपण ओलांडून हजारोंच्या जमावात एकटा घुसतो, कारण दगड मारणाऱ्या एका माणसाला पकडून आणण्याचा हुकूम झालेला असतो. प्रसंग अशक्य कोटीतला आहे, पण त्याची प्रत्येक पायरी मोजलेली आहे: तो जमावाखाली गाडला जातो, रक्तबंबाळ होतो, पुन्हा उठतो, आणि शेवटी त्या एका माणसाला फरफटत आणतो. मग त्याच्या वरिष्ठांची त्याच्याकडे पाहण्याची नजर दिसते, तिच्यात कौतुकापेक्षा धास्ती जास्त असते, आणि पुढे बढतीच्या यादीत त्याचे नाव नसते. म्हणजे अतिशयोक्तीला माझा आक्षेप नाहीच. अतिशयोक्ती करा, पण तिचे काहीतरी मोल कुणाला तरी मोजू द्या.

पडद्यामागच्या श्रमांचा विषय निघाला आहे म्हणून सांगते की जॉर्ज मिलर यांच्या 'फ्युरिओसा' (२०२४) मधल्या धावत्या टँकरवरच्या सुमारे पंधरा मिनिटांच्या एका प्रसंगासाठी ७८ दिवस चित्रीकरण करावे लागले होते. तो चित्रपट एकूणात मला त्याच्या आधीच्या 'फ्युरी रोड'पेक्षा (२०१५) सैल वाटला, आणि काही ठिकाणी संगणकाची कारागिरी डोळ्यांत खुपली. तरी तेवढ्या पंधरा मिनिटांत नायिका एकही शब्द न बोलता टँकरच्या पोटाखालून टपावर पोहोचते आणि तेवढ्या वेळात तिला या माणसांत राहायचे आहे की नाही हे ठरलेलेही असते. अशा कामासाठी ऑस्कर नाही हे इतकी वर्षे कुणाला खटकले नाही. एप्रिल २०२५ मध्ये अकादमीने स्टंट रचनेसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला आणि तो २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून, म्हणजे शंभराव्या सोहळ्यापासून दिला जाणार आहे. उशिरा का होईना, पण ठीक.

अखंड शॉटचे, म्हणजे मध्ये एकही कट नसलेल्या चित्रीकरणाचे, वेड मात्र मला दिवसेंदिवस कमी कळू लागले आहे. 'एक्स्ट्रॅक्शन २' (२०२३) मध्ये तुरुंगापासून धावत्या रेल्वेपर्यंत सुमारे २१ मिनिटांचा प्रसंग एकाच शॉटमध्ये घेतल्यासारखा जोडलेला आहे. जोड कुठे लपवले आहेत हे शोधण्यात माझा इतका वेळ गेला की क्रिस हेम्सवर्थ ज्या कुटुंबाला सोडवत होता, त्याचे पुढे काय झाले याची मला फिकीर उरली नाही. तंत्र स्वतःकडे बोट दाखवू लागले की प्रसंगाचा खेळ होतो आणि आपण खेळाडू नसून दुसऱ्याच्या खांद्यावरून खेळ पाहणारे होतो.

हेच तंत्र 'ॲडोलेसन्स' (२०२५) या चार भागांच्या ब्रिटिश मालिकेत भेटले आणि माझे मत मला दुरुस्त करावे लागले. इथे प्रत्येक भाग खरोखरच एका शॉटमध्ये चित्रित केलेला आहे, त्यात लपवलेला जोड नाही. पहिल्या भागात पोलीस पहाटे दार तोडून एका तेरा वर्षांच्या मुलाला खुनाच्या संशयावरून ताब्यात घेतात आणि कॅमेरा त्याच्याबरोबर गाडीत बसतो, ठाण्यात जातो, नोंदणीच्या खिडकीपाशी उभा राहतो, वकिलाची वाट पाहतो. एरवीच्या मालिकांत अटक आणि जबाब यांच्यामध्ये कट असतो. इथे तो कट नाही, त्यामुळे मधला सगळा रटाळ, कागदी, अपमानास्पद वेळ आपल्यालाही काढावा लागतो. खुनी कोण हे कोडे पहिल्या भागाच्या अखेरीस सीसीटीव्हीच्या चित्रणाने संपवूनच टाकले आहे. मालिकेला त्याच्या पुढचे काहीतरी पाहायचे आहे.

तिसऱ्या भागात तर एका खोलीत फक्त एक मानसशास्त्रज्ञ बाई आणि तो मुलगा बहुतेक वेळ बसलेले असतात. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते आणि स्वतःच्या सँडविचचा अर्धा भाग त्याला देते. तो त्या सँडविचला सुरुवातीला हातही लावत नाही. बोलता बोलता तो कधी लाघवी होतो, कधी तिला चिडवतो, आणि मग अचानक उसळून तो कप उडवून देतो. त्या क्षणी मी खुर्चीत मागे सरकले, जे कोणत्याही तोफेच्या स्फोटाने मागच्या पाच वर्षांत घडले नव्हते. तो गेल्यावर ती बाई एकटीच उरते, तिचा इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सुटतो, आणि त्या अर्धवट खाल्लेल्या सँडविचला हात लावताच तिला शिसारी येते. मारामारीनंतर धापा टाकणाऱ्या नायकाइतकीच ती दमलेली असते. मुलाची भूमिका करणाऱ्या ओवेन कूपरचे हे पहिलेच काम होते आणि चारही भागांत सर्वांत आधी चित्रित झाला तो हाच भाग, हे नंतर समजल्यावर मी तो पुन्हा पाहिला.

इतर अनेक गुन्हेगारी मालिका पाहताना मला जो कंटाळा येतो, त्याची कारणे तशी ठरलेली आहेत. पहिल्या दृश्यात एखाद्या तरुण मुलीचा मृतदेह, त्यावर फिरणारा ड्रोन, दारू पिणारा आणि घटस्फोटित तपास अधिकारी, पाचव्या भागात संपूर्ण भूतकाळ, आणि शेवटच्या भागात ज्याच्याकडे कुणाचे लक्षही नव्हते असा गुन्हेगार. दीड तासात बसणारी गोष्ट आठ भागांत ताणली की पात्रांना नुसते फोनवर बोलत फिरावे लागते. म्हणूनच 'दहाड' (२०२३) मध्ये गुन्हेगार कोण हे प्रेक्षकाला लवकर सांगून टाकले, तेव्हा मला हायसे वाटले. विजय वर्माने साकारलेला तो सभ्य प्राध्यापक आपल्याला माहीत असतो, पोलिसांना माहीत नसतो, आणि उत्सुकता राहते ती पुरावा कसा मिळणार याची. शेवटचे दोन भाग रेंगाळतात, पण ते मी माफ केले.

हिंसा किती दाखवावी या वादात मी 'दिल्ली क्राइम'च्या पहिल्या पर्वाचा (२०१९) दाखला नेहमी देते. डिसेंबर २०१२ च्या घटनेच्या तपासावर बेतलेली ही मालिका प्रत्यक्ष अत्याचार दाखवतच नाही. तो आपल्यापर्यंत पोहोचतो तो डॉक्टरांच्या तोंडून, जबाबांतून आणि ते ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून. तपास अधिकारी झालेल्या शेफाली शाहच्या झोपेअभावी जड झालेल्या डोळ्यांत जे दिसते ते कोणत्याही रक्तपातात दिसले नसते. ज्या गुन्ह्यात खरी माणसे बळी गेली आहेत, त्याचे चित्रण करताना एवढे तारतम्य ही किमान अपेक्षा आहे. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यात घडलेल्या हत्याकांडावरची 'मानवत मर्डर्स' (२०२४) पाहताना मला या बाबतीत धाकधूक होती, कारण नरबळी आणि गुप्तधन हा विषय हातात आल्यावर तोल जायला वेळ लागत नाही. आशिष बेंडे यांनी कथा तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या बाजूने सांगितली आणि तोल बहुतांशी सांभाळला. आशुतोष गोवारीकरांचे कुलकर्णी आवाज चढवत नाहीत, समोरच्याला बोलू देतात. संशयितांच्या भूमिकेतल्या सोनाली कुलकर्णी आणि मकरंद अनासपुरे यांच्यापुढे अशा शांत माणसाची गरजच होती.

आणि 'पाताल लोक'मधल्या हाथीराम चौधरी या पोलिसाविषयी लिहिल्याशिवाय हा लेख मला संपवता येणार नाही. या मालिकेचे दुसरे पर्व (जानेवारी २०२५) अविनाश अरुण यांनी दिग्दर्शित केले आहे, ज्यांचा 'किल्ला' आपण मराठी प्रेक्षकांनी जिव्हाळ्याने जपला आहे. एका हरवलेल्या बँडवाल्याचा शोध घेणारा हाथीराम नागालँडमध्ये जाऊन पोहोचतो, जिथली भाषा त्याला येत नाही, रस्ते कळत नाहीत आणि कुणालाही तो तिथे नको आहे. ज्या अन्सारीला त्याने हाताखाली शिकवले तो आता आयपीएस होऊन त्याचा साहेब झाला आहे, आणि त्याला 'सर' म्हणताना हाथीरामची जी चलबिचल होते, ती जयदीप अहलावत केवळ अर्ध्या क्षणाच्या विलंबातून दाखवतो. मारामारीत हा माणूस जिंकतो तेव्हाही तो हरल्यासारखाच दिसतो, कारण त्याचे वजनदार शरीर त्याच्या हुकमात नसते. तो धडकतो, अडखळतो, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो.

'रिप्ली' (२०२४) या कृष्णधवल मालिकेला तर कित्येकांनी संथ म्हणून नावे ठेवली. तिच्या तिसऱ्या भागात टॉम रिप्ली भर समुद्रात, छोट्या होडीत एका माणसाला वल्ह्याने मारतो. इतर कोणत्याही मालिकेत पुढचे दृश्य दुसऱ्या दिवशीचे असते. इथे मात्र मृतदेहाला नांगराची दोरी बांधायची आहे, तो काठावरून लोटायचा आहे, आणि त्या खटपटीत रिप्ली स्वतःच पाण्यात पडतो. यंत्र चालूच राहिलेली ती होडी गोल गोल फिरत त्याच्या अंगावर येत राहते. कितीतरी मिनिटे कुणी एक शब्द बोलत नाही. पुढे पाचव्या भागात दुसरे शव रोममधल्या इमारतीच्या संगमरवरी पायऱ्यांवरून खाली न्यायचे असते, रक्त पुसायचे असते, आणि पायरीशी बसलेले एक मांजर हे सगळे निवांतपणे पाहत असते. माझी आवाज बंद करण्याची परीक्षा मी या मालिकेलाही लावणार होते, पण होडीचा तो प्रसंग दुसऱ्यांदा पाहतानाही रिमोट हातातच राहिला आणि बटण दाबायचे विसरूनच गेले.